‘दुय्यम’ माहिती दुय्यम दर्जाची नसते

विषयमंजुरीचे दिवस आले की संशोधन करणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदाही आला, आणि दोन विद्यार्थिनींनी तो मला पाठवून विचारलं, ‘मॅडम, मग आमचा विषय बदलायचा का?’ मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: स्वतः गोळा केलेली प्राथमिक माहिती हेच खरं संशोधन, दुय्यम माहिती म्हणजे उसनवारी. प्राथमिक माहिती केव्हाही जास्त अचूक. प्रश्नावल्या जितक्या जास्त तितका प्रबंध भक्कम, निदान शंभर तरी हव्यातच. आणि सरकारी आकड्यांवर काम करणं हा घरबसल्या उरकायचा सोपा मार्ग.

मी सतरा वर्षं संशोधन पद्धती शिकवते. त्याआधी चार वर्षं निरनिराळ्या पाहण्यांसाठी गावोगाव प्रश्नावल्या भरत फिरले आहे. म्हणजे प्राथमिक माहितीवर माझा राग असायचं कारण नाही. पण या मजकुरापायी दर वर्षी काही चांगले विषय मोडतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहिते.

आधी शब्दाचं पाहू, कारण अर्धा घोटाळा तिथेच आहे. मराठीत ‘दुय्यम वागणूक’ म्हटलं की कमी लेखणं आलं. तोच वास ‘दुय्यम माहिती’ला चिकटतो. इथे दुय्यमचा अर्थ एवढाच की ती दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कामासाठी गोळा केली आहे. आपल्या घराची खरेदी दुय्यम निबंधकांकडेच नोंदवली जाते, म्हणून ती कच्ची ठरते का? इतिहासवाल्यांकडे तर हे शब्द वेगळ्याच अर्थाने चालतात. पेशवे दप्तरातलं पत्र त्यांच्यासाठी प्राथमिक साधन असतं, ते त्यांनी कुणाला विचारून मिळवलेलं नसलं तरी. माहिती जन्मतःच प्राथमिक किंवा दुय्यम नसते. ती कोण, कशासाठी वापरतो यावर ते ठरतं.

आता पहिला मुद्दा, उसनवारीचा. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यासाठी ते दारोदार प्रश्न विचारत हिंडले नव्हते. प्रांतोप्रांतीच्या सरकारी अहवालांतून पिकांचं क्षेत्र, उत्पादन आणि भाव घेऊन त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न काढलं, ते २० रुपये भरलं. मग तुरुंगांचे अहवाल उघडले आणि कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं ते शेजारी मांडलं. चांगल्या हंगामातही सामान्य माणसाच्या वाट्याला कैद्याइतकं अन्नवस्त्र येत नाही, हे त्यातून दिसलं. या मांडणीचं बळ आकडे सरकारचेच असण्यात होतं. दादाभाईंनी स्वतः शंभर घरं पाहून हेच लिहिलं असतं, तर ‘तुम्ही निवडून गरीब घरं घेतलीत’ असं म्हणून ते सहज बाजूला सारता आलं असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये लिहिलेला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवून देणारा प्रबंधही चलनविषयक समित्यांचे अहवाल, सरकारी पत्रव्यवहार आणि आकडेवारी यांवरच उभा आहे. या कामांना उसनवारी म्हणायची माझी तयारी नाही.

दुसरा मुद्दा अचूकतेचा, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे. कारण ‘मी स्वतः विचारलं, म्हणजे ते खरं’ ही समजूत फार खोल रुजलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीबरोबर निफाड तालुक्यातल्या एका गावात गेले होते. तिचा विषय कांदा उत्पादकांचं उत्पन्न. ओट्यावर बसलेल्या काकूंना तिने विचारलं, ‘गेल्या वर्षी कांदा काय भावाने गेला?’ काकू म्हणाल्या, ‘गेला असंल हजार-बाराशेनं.’ तिने १,१०० लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. मी काकूंना पट्ट्या, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या पावत्या, ठेवल्या आहेत का विचारलं. त्या आत जाऊन साखरेच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेल्या, कोपरे दुमडलेल्या पट्ट्या घेऊन आल्या. माल नऊ वेळा बाजारात गेला होता. सगळ्यात वरचा भाव सगळ्यात खालच्या भावाच्या दुपटीहून जास्त होता आणि सगळ्यात जास्त माल नेमका पडत्या भावात गेला होता. हमाली, तोलाई वजा होऊन हातात आलेली रक्कम प्रत्येक पट्टीच्या तळाशी लिहिलेली होती. नऊही पट्ट्यांची बेरीज केली, तेव्हा क्विंटलमागे पडलेला भाव ‘हजार-बाराशे’च्या बराच खाली आला. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. वर्षभराच्या नऊ खेपांचं एका आकड्यात उत्तर मागणारा तो प्रश्नच चुकीचा होता.

शिवाय त्या दिवसांतले लासलगाव बाजार समितीचे आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर रोजच्या रोज नोंदलेले असतात. भावाचा प्रश्न त्या नोंदींतून कितीतरी नेमका सुटतो. शंभर शेतकऱ्यांच्या आठवणींची सरासरी त्याच्या जवळपासही पोचत नाही.

माणसाची आठवण सरळ चालत नाही, हे मोठ्या पाहण्यांनाही भोवलं आहे. जनगणनेतली वयं पाहा. शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या वयांशी माणसांची गर्दी दिसते, ३० आणि ३५ फुगलेले, ३१ आणि ३४ रोडावलेले. प्रगणक प्रत्यक्ष दारात उभा होता, तरीही. त्याहून बोलकं उदाहरण १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचं. त्याआधीच्या मुख्य पाहण्यांमध्ये खाण्यापिण्याचा खर्च गेल्या ३० दिवसांचा विचारत. त्या फेरीत एकाच कुटुंबाला ७ दिवसांचाही विचारला आणि ३० दिवसांचाही, शेजारी शेजारी. त्यामुळे लोकांनी एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून दिलं, अशी टीका झाली. आणि गरिबी मोजतात ती याच खर्चावरून. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेली गरिबी त्या फेरीत सुमारे २६ टक्के दिसली, आणि त्यातली किती खरोखर घटली व किती प्रश्न बदलल्यामुळे घटलेली दिसली, यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं वाद घालत राहिले. तिथे प्रशिक्षित अन्वेषक होते आणि नमुना काटेकोर निवडलेला होता. आपल्या एम.ए.च्या मुलाने एका रविवारात भरून आणलेल्या वीस प्रश्नावल्या त्याहून अचूक निघतील, असं कुठल्या आधारावर म्हणायचं?

संख्येचा मुद्दा त्यामानाने लवकर आटपतो. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. एवढ्या प्रचंड प्राथमिक माहितीवरून त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकतील असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्या स्थितीत असलेल्यांचे. वर ज्यांना पोटतिडीक होती त्यांनीच पत्रिका परत पाठवल्या. आपल्याकडे नमुना किती मोठा हवा म्हटलं की ३८४ किंवा ४०० हा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो. तो ज्या सूत्रातून येतो त्याची अट अशी की नमुना यादृच्छिक हवा, प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी हवी. ओळखीच्या लोकांना गुगल फॉर्मची लिंक पाठवून ४०० उत्तरं जमवली तर ती अट पहिल्याच पायरीला मोडते. मग ४०० काय आणि ४,००० काय.

याच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ठेवून पाहा. तिची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. सहा लाख छत्तीस हजारांवर घरं आणि सात लाख चोवीस हजारांवर स्त्रिया त्यात आल्या. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे तिची जबाबदारी होती. रक्तक्षय आहे का, हे तिथे तोंडी विचारलं नाही, बोटाला टोचून रक्तातलं हिमोग्लोबिन मोजलं. व्यक्तिनिहाय मूळ आकडे रीतसर अर्ज केला की संशोधकाला विनामूल्य मिळतात. हे हाताशी असताना एका तालुक्यातल्या शंभर बायकांना ‘तुम्हाला अशक्तपणा जाणवतो का, होय की नाही’ असं विचारून प्रबंध लिहायला लावणं मला पटत नाही.

आता ‘सोपा मार्ग’ हा आरोप. ज्याने तो केला त्याने सरकारी तक्त्यांशी कधी झुंज घेतलेली नसावी. पालघर जिल्ह्यावर काम करणारा एक विद्यार्थी २०११ च्या जनगणनेत ‘पालघर जिल्हा’ शोधत बसला होता. तो सापडणार कसा? ठाण्यातून पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा असे आठ तालुके ठाण्याच्या तक्त्यांतून काढून बेरीज करावी लागते, आणि ठाण्याच्या आकड्यांतून ते वजाही करावे लागतात. व्याख्यांचं काम तर याहून जिकिरीचं. जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम केलेली व्यक्ती ‘मुख्य कामगार’, त्याहून कमी असेल तर ‘सीमांतिक’. नमुना पाहणीची मोजपट्टी वेगळी. दोन्हीकडचे स्त्रियांच्या कामाचे आकडे न तपासता एका आलेखात टाकले, तर गावातल्या बायकांनी अचानक काम सोडल्याचं किंवा धरल्याचं चित्र उभं राहील आणि ते सपशेल खोटं असेल. सातबाऱ्यावरची पीकनोंदही तशीच. ती शेतात जाऊन झाली की चावडीत बसून मागच्या वर्षीची उतरवली, हे कागद पाहून कळत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करतो, म्हणजे नोंदवणाराच बदलला. तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना जपून करावी लागते. या सगळ्याला महिने लागतात.

त्या मजकुरात एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती मी मनापासून मान्य करते. दुसऱ्याने आपल्या कामासाठी जमवलेली माहिती आपल्या प्रश्नाचं उत्तर देईलच असं नाही. काही गोष्टी कुणीच नोंदवलेल्या नसतात, तिथे गावात जाण्याला पर्याय नाही. पण तिथेही जुन्या दप्तरांना टाकून चालत नाही, आणि हे दाखवणारं काम आपल्या पुण्याजवळच झालं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज तिथे उंच इमारती आहेत, तेव्हा ते साधं शेतीचं गाव होतं. मान घरोघरचं कर्ज, जमीन, उत्पन्न विचारत होते, हा भाग पूर्ण प्राथमिक. पण त्यांनी जुने जमिनीचे कागदही काढले. १७७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि त्यांच्या पाहणीच्या वेळी ७. गावातला कुणीही शेतकरी त्यांना १७७१ सालचं सांगू शकला नसता. आणि सात एकरात घर चालतं का, त्यावर कर्ज किती, हे कुठल्याही जुन्या कागदाने सांगितलं नसतं.

म्हणून ‘प्राथमिक की दुय्यम’ हा वाद प्रश्न ठरल्यानंतरचा आहे. मुलं तो आधी घालतात. ‘मला प्रश्नावली करायची आहे, विषय सुचवा’ अशी सुरुवात होते. सक्तीचे दुष्परिणामही मी पाहिले आहेत. एका महाविद्यालयात व्हायवाच्या वेळी माझ्यासमोर ठेवलेल्या गठ्ठ्यात चाळीस प्रश्नावल्या एकाच शाईने, एकाच तिरक्या वळणाने भरलेल्या होत्या. सगळ्यांत ‘पूर्णतः सहमत’वरच खूण होती. शंभरचा आकडा गाठायचा म्हणून त्या पोराने रात्री बसून माणसं तयार केली होती. मला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त राग त्याला तिथवर ढकलणाऱ्या सक्तीचा आला.

दुसरी गोष्ट मला त्याहून लागते. पाऊण तासाची एक प्रश्नावली शंभर जणांकडून भरली तर लोकांचे ७५ तास खर्च होतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, मजुरी बुडवून, चहा पाजून ते आपल्याशी बोलतात. त्यातले निम्मे प्रश्न जर गावाची लोकसंख्या, पाऊस, बाजारभाव असे कुठेतरी आधीच छापलेले असतील, तर तो वेळ आपण वाया घालवला.

निफाडच्या त्या विद्यार्थिनीने परत आल्यावर आपली प्रश्नावली पुढे ठेवली. ५८ प्रश्न होते. प्रत्येकासमोर आम्ही एकच गोष्ट लिहीत गेलो, हे आणखी कुठे मिळतं? भाव बाजार समितीत, क्षेत्र सातबाऱ्यावर, विक्री पट्ट्यांत. शेवटी १४ प्रश्न उरले आणि त्यातले बहुतेक कांदाचाळीचे, म्हणजे कांदा साठवायच्या जागेचे होते: उन्हाळ कांदा चाळीत किती भरला, कधी उघडला, सडून आणि घटून किती गेला, मधेच विकावा लागला तर कशासाठी. ती पुन्हा काकूंकडे गेली, तेव्हा त्यांनी तिला घरामागच्या चाळीत नेलं. दाराच्या खांबावर कोळशाने ट्रॉल्यांच्या रेघा ओढलेल्या होत्या, आत गेलेल्यांच्या डावीकडे, बाहेर आलेल्यांच्या उजवीकडे. तिने आधी त्या मोजून वहीत उतरवल्या आणि मग पहिला प्रश्न विचारला.