५१ मार्कांचं लग्न

परवापासून मी बायकोच्या मामांशी बोलत नाही. त्यांना ते अजून कळलेलं नाही, हा आणखी एक अपमान.

आमच्या लग्नाची डीव्हीडी, २००७ ची. ती आवळून कॉम्प्युटरात फाइल करून ठेवायला बसलो होतो. चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, तेही इंटरलेस्ड, एकाआड एक ओळींनी टिपलेलं, म्हणजे अंतरपाट हलला की कडेला फणीचे दात. ते दात घालवायला डीइंटरलेस लावलं, व्हिडिओ आवळायची पद्धत म्हणून एच.२६४ निवडलं आणि क्वालिटीच्या पट्टीपाशी अडलो. १८ की २०?

तेवढ्यात मामा पोहे-जिलेबी घेऊन आले. गणिताचे रिटायर्ड मास्तर.

“जावईबापू, हा आकडा कशाचा?”

“क्वालिटीचा.”

“कितीपैकी?”

“५१.”

“आणि तुम्ही २० घेताय?” मामांनी हातातली जिलेबी खाली ठेवली. “अहो, आपल्या एमपी बोर्डात ३३ टक्क्यांना पास करतात!”

“इथे उलटं असतं, मामा. आकडा लहान तितकं चित्र चांगलं, फाइल मोठी.”

“म्हणजे शून्यवाला पहिला?”

“तसंच काहीसं.”

“असं एक कार्टं होतं माझ्या वर्गात. प्रगतिपुस्तक उलटं धरून बापाला दाखवायचं.”

खरं तर मलाही तो आकडा पटत नाही. चित्रातलं किती टाकून द्यायचं, हेच ती पट्टी विचारते ना? मग सरळ ‘किती फेकू?’ असं लिहा की!

मी अंघोळीला गेलो. एवढाच माझा गुन्हा.

पूजा आटोपून आलो, तर मामांनी पैकीच्या पैकी देऊन टाकले होते. फाइल चिमुकली. लग्नात माणसंच नाहीत. एक पिवळा डाग एका लाल डागाला हार घालतोय. आवाजाला हा आकडा लागू नसतो, त्यामुळे माझ्या आत्याचं “श्रीखंड मोजून वाढताहेत गं” मात्र खणखणीत. बायकोनं ते तीनदा ऐकलं.

तिला हसू येतंय. पण त्यात माझी आजी होती. तिचं हलतं चित्र दुसरं नाही. चारचौघांत ती बोलायची नाही, म्हणून आवाजही नाही. आता अक्षता टाकणारा एक पांढरा डाग आहे.

“पुन्हा करतो, २० वर,” म्हणत ड्राइव्ह उघडला. रिकामा.

“कॉम्प्युटरात आली ना? मग अडगळ कशाला?” मामा म्हणाले. “कचरागाडी आली होती. निळ्या डब्यात टाकली हं, सुक्यात.”

बायकोचं म्हणणं, प्लास्टिकमध्ये टाकायला हवी होती. मामा म्हणतात, तबकडी म्हणजे सुका कचराच. दोघांचं अजून चालू आहे.