सिएनाचा फोटो आणि आमच्या चौकातली भाजीवाली

आमच्या नागपुरातल्या कॉलनीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला, तुमच्याकडेही आलाच असेल. दोन फोटो. एकात इटलीतल्या सिएनाचा चौक, कलतं ऊन, लोक विटांच्या फरशीवर मस्त पाय पसरून बसलेत. दुसऱ्यात आपल्याकडचा कुठलातरी तुंबलेला चौक. खाली लिहिलंय की युरोपात राजांनी जनतेला बसायला-बोलायला चौक बांधून दिले, प्रत्येक प्रगत देशात असा चौक असतोच, भारतीय संस्कृतीत सार्वजनिक जागा ही कल्पनाच नव्हती, आणि उपाय काय तर हातगाड्या हटवा, फरशी घाला, कारंजं लावा.

असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण हा आईने मला मोठ्याने वाचून दाखवला आणि वर म्हणाली, "खरंय रे, आपल्या लोकांना ती अक्कलच नाही." ही बाई गेली वीस वर्षं रोज संध्याकाळी सहाला पिशवी घेऊन चौकात जाते आणि साडेसातच्या आत घरी येत नाही, आणि तीच म्हणते आपल्याला सार्वजनिक जागा माहीत नाही. शिवाय ग्रुपवाल्यांनी त्या मेसेजच्या जोरावर हातगाड्या उठवायचा अर्ज तयार केला आणि त्यावर आईची सहीसुद्धा घेतली. म्हणून लिहितोय.

राजांनी जनतेला गप्पा मारायला चौक दिले म्हणे. स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने १५७३ साली अमेरिकेतल्या वसाहतींसाठी नगररचनेचे हुकूम काढले, ते लेखी आहेत, कोणीही शोधून वाचावेत. मुख्य चौकाची लांबी रुंदीच्या किमान दीडपट ठेवा, का, तर सणाला घोड्यांचे खेळ होतात त्याला हेच माप बरं पडतं. कमीत कमी २०० बाय ३०० फूट, चांगलं माप ४०० बाय ६००. भोवती कमानींच्या ओसऱ्या काढा, का, तर तिथे जमणाऱ्या व्यापाऱ्यांची सोय होते. चौकालगतची जागा खाजगी माणसाला घरासाठी देऊ नका, ती चर्चला, सरकारी इमारतींना आणि दुकानांना ठेवा. आणि त्याच हुकुमांत हेही आहे की वस्ती उभी होईस्तोवर तिथल्या मूळ लोकांना आत येऊ देऊ नका, एकदम तयार गाव पाहिलं की त्यांना कळेल हे लोक आता कायमचे राहायला आलेत, आणि त्यांना धाक बसेल. मेक्सिकोपासून पेरूपर्यंत गावोगावी चर्च, सरकारी कचेरी आणि मधे मोकळा चौक असा एकच साचा दिसतो तो अशाच हुकुमांमुळे. तिथल्या लोकांच्या रक्तात काही वेगळं नव्हतं राजेहो, वरून हुकूम होता.

आणि त्या चौकांत नुसत्या गप्पा चालायच्या असंही नाही. रोममधल्या काम्पो दे फिओरी या चौकात १६०० साली चर्चला न पटणारी मतं मांडणाऱ्या जिओर्दानो ब्रूनोला जिवंत जाळलं. पॅरिसच्या ज्या चौकाचे आज लोक फोटो काढतात तिथे १७९३ मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुई राजाचं मुंडकं उडवलं. माणसं जमवायला मोठी जागा लागायची, आणि माणसं कशाला जमवायची ते ज्याच्या हातात सत्ता तो ठरवायचा.

प्रगत देशांचं थोडक्यात सांगतो. जपानमध्ये असा चौक परंपरेने नव्हताच, तिथे लोक जमायचे देवळाच्या आवारात, पुलाच्या तोंडाशी, रस्त्यात. १९६९ मध्ये टोकियोच्या शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेकडच्या चौकात पोरं व्हिएतनाम युद्धाविरुद्ध गाणी म्हणायला जमू लागली तेव्हा प्रशासनाने तिथल्या पाट्या बदलून 'चौक' काढून 'जायचा-यायचा मार्ग' असं लिहिलं, म्हणजे थांबायला मनाई करता येईल. जपान मागासलेला आहे का? लंडनमधले कित्येक 'स्क्वेअर' म्हणजे कुंपण घातलेल्या खाजगी बागा आहेत, चावी फक्त भोवतालच्या रहिवाशांकडे. आणि न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर? दोन रस्ते एकमेकांना तिरपे कापतात ती जागा. म्हणजे आपल्या भाषेत चौकच.

मुळात 'स्क्वेअर'चं भाषांतर 'चौक' केलं आणि तिथेच घोळ झाला. आपला चौक म्हणजे बहुतेक वेळा रस्ते मिळतात ती जागा. त्यांच्या स्क्वेअरची बरोबरी करायची तर आपला बाजार, देवळाचं पटांगण, चावडी, वडापिंपळाचा पार आणि मैदान यांच्याशी करा. सार्वजनिक जागेची कल्पना नव्हती म्हणता, मग 'चव्हाट्यावर आणणे' हा शब्दप्रयोग कुठून आला? नागपूरकराने तर हे बोलूच नये. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शनिवारी, अर्ध्या जुन्या शहराची नावं बाजाराच्या वारांवरून पडलीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा महाल-इतवारीच्या गल्लीबोळात पाय ठेवायला जागा नसते, "घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं शहर रस्त्यावर. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत लाखो माणसांनी याच शहरात उघड्या मैदानावर धम्मदीक्षा घेतली. आणि हे लोक सांगतात आपल्याला एकत्र जमायची सवय नाही!

आता हातगाड्या. माझा सगळा राग इथे आहे. ज्या चौकांचे फोटो फिरवता ते उभेच बाजारावर राहिले. पोलंडमधल्या क्राकोचा चौक १२५७ साली आखला, साधारण २०० मीटरची बाजू, आणि त्याच्या बरोब्बर मधोमध काय आहे तर कापडबाजाराची लांबलचक इमारत. काम्पो दे फिओरीत आजही सकाळी बाजार भरतो. त्या सिएनाच्या चौकातही पूर्वी बाजारच भरायचा. म्हणजे ज्या गोष्टीने तिथे चौक घडला तीच इथे घाण म्हणून उचलून फेकायची.

आमच्या चौकात या एकदा सहाला. पिंपळाखाली भाजीवाली मावशी पोतं अंथरून मेथी-सांबार (म्हणजे कोथिंबीर) मांडून बसते, पलीकडे पोह्याचा ठेला, सकाळचे तर्री-पोहे संपून आता चहा चाललेला. माझी आई आणि अजून तीन-चार बायका पाराच्या कट्ट्यावर मेथी निवडत बसतात, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा बीपी वाढला, सगळं तिथे कळतं. मागच्या उन्हाळ्यात आईला कट्ट्यावर चक्कर आली तेव्हा पाणी मारून, ऑटोत घालून घरी आणलं ते त्या मावशीनेच, भाजी तशीच सोडून. ती उठली तर या बायका तिथे कशाला थांबतील? आणि मेच्या ४५ डिग्रीत तुमच्या सपाट फरशीवर कोण बसणार आहे? सावली पिंपळाची आहे म्हणून माणसं आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मन नसलं तरी. परदेशातल्या चौकात म्हातारं माणूस निवांत चालतं आणि आपल्याकडे रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. हे खरं आहे. पण तेही त्यांच्याकडे जन्मजात नव्हतं. कोपनहेगनचा मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद झाला १९६२ मध्ये, लंडनच्या ट्राफल्गर स्क्वेअरची उत्तरेकडची बाजू २००३ मध्ये, टाइम्स स्क्वेअरमधून ब्रॉडवेवरच्या गाड्या काढल्या २००९ मध्ये. या तिन्ही ठिकाणी बाहेर काढल्या त्या मोटारी, भाजीवाल्या नाही.

रविवारी कॉलनीची मीटिंग आहे. मी हे सगळं तिथे बोलणार आहे. आमच्या चौकात वळणावर रोज सात-आठ कार उभ्या असतात, त्यातल्या दोन अर्ज लिहिणाऱ्यांच्याच आहेत, त्यांच्यामुळे माणसांना भर रस्त्यातून चालावं लागतं. अर्ज करायचाच तर त्या कार हलवायचा करा, पहिली सही माझी. जुन्या अर्जावरचं नाव काढा असं आईने काल स्वतः फोन करून सांगितलंय.