हौशी मालक नसलेल्या घोड्यांचं काय?

घोड्यांच्या भ्रूण प्रत्यारोपणावरच्या तुमच्या लेखात बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्राचं केलेलं कौतुक रास्तच. २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून, म्हणजे एका घोडीचं भ्रूण दुसरीच्या गर्भाशयात वाढवून, मारवाडी जातीचं शिंगरू 'राज-प्रथमा', २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणातून 'राज-हिमानी'. सोपं काम नाही हे. गायीला संप्रेरकं दिली की एका वेळी बरीच भ्रूणं मिळतात, घोडी तशी दाद देत नाही. बीज सुटल्यावर सात-आठ दिवसांनी गर्भाशय धुवायचं, तेव्हा बहुधा एकच भ्रूण हाती लागतं. कधी तेही नाही.

पण मारवाडीला हौशी मालक आहेत, पैसा आहे. भीमेकाठचा भीमथडी घोडा, एकेकाळी मराठी फौजेतला, आज मेंढपाळांची बिऱ्हाडं वाहतो. त्याचं वीर्य आधी गोठवा की! तेही दोन-चार देखण्या नरांचंच नको, नाहीतर शिंगरं वाढतील आणि वाणातली विविधता आकसेल.

आम्ही गोव्यातले डिचोलीकर शिगम्याला घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतो. गोव्याच्या बंदरात अरबी घोडे उतरायचे, आता खरा घोडा दिसला तर पोरं मोबाईल काढतात.

आणि एक राहिलंच: दुसरीचं शिंगरू पोटात वाढवणाऱ्या घोडीला अकरा महिने पोसायचा खर्च कोण उचलतं, तेही लिहा.