माया किती सोडलीत?

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी, सीएसएमटीहून सुटलेल्या कल्याण फास्टमध्ये, एका अनोळखी गृहस्थांनी भरल्या डब्यात मला सुनावलं, "तुम्हाला माप घेता येत नाही." पत्ते खेळणाऱ्या चौघांनी डाव थांबवला. मी चौथ्या सीटवर होतो, म्हणजे एक मांडी सीटवर, दुसरी हवेत आणि हवेतल्या मांडीवर उघडा लॅपटॉप. अशा आसनात माणसाला बाणेदार उत्तर सुचत नाही.

घडलं होतं एवढंच. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर आम्ही सायथनमध्ये, म्हणजे पायथनला सीच्या वेगाने पळवणाऱ्या भाषेत लिहिलेलं, कंपाइल केलेलं (थेट मशीनच्या भाषेत उतरवलेलं) एक छोटं एक्स्टेन्शन, पायथनला जोडायचा तुकडा, चालतं. नुसत्या पायथनला जे मोजायला तास लागेल, ते हे मिनिटात मोजतं. साडेपाचला फोन आला की ते बंद पडलंय आणि "आम्ही काहीही केलेलं नाही." शुक्रवारी साडेपाचला ग्राहक असं म्हणाला, की काहीतरी केलेलं असतंच. या वेळी कुणीतरी नम्पाय १.२६ (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी, जिच्यावर आमचं एक्स्टेन्शन उभं आहे) काढून नम्पाय २ बसवलं होतं. का, तर दुसऱ्या कुठल्यातरी पॅकेजने मागितलं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरवर शिरलो. स्क्रीनवर ठसठशीत ओळ: नम्पाय डॉट डीटाइप साइझ चेंज्ड, मे इंडिकेट बायनरी इन्कम्पॅटिबिलिटी, एक्स्पेक्टेड ९६ फ्रॉम सी हेडर, गॉट ८८ फ्रॉम पायऑब्जेक्ट.

"साइझ चेंज्ड," तिसऱ्या सीटवरच्या काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेत मोठ्याने वाचलं. "शहाण्णव पाहिजे होते, अठ्ठ्याऐंशी आले. अहो, आठाने घोळ झालाय की."

"काका, ते कपड्याचं नाहीये."

"सेंटिमीटरच ना?"

"बाइट."

"असतील. माप ते माप." मग डब्याला उद्देशून, "पस्तीस वर्षं गिरगावात दुकान होतं माझं. जेंट्स टेलर. आता मुलगा तिथे मोबाइलची कव्हरं विकतो." ही माहिती कुणीही मागितली नव्हती, पण पत्तेवाल्यांपैकी एकाने "अरेरे" म्हटल्यामुळे मास्तरांना अधिकृत परवानगी मिळाली.

"माप कुणाचं घेतलं होतंत?"

"नम्पायचं."

"कधी?"

"दोनेक वर्षं झाली."

"आणि दोन वर्षांपूर्वीच्या मापावर आज कपडा चढवताय? माणूस सुटतो, वाळतो. हा काय झाला?"

"वाळला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शहाण्णवाचा अठ्ठ्याऐंशी झाला म्हणजे वाळलाच.

"मग त्याला उभा करून पुन्हा माप घेतलंत?"

तेव्हाच ते वाक्य आलं.

चीड याची आली की म्हातारा बरोबर होता. सोर्स कोडमध्ये आपण नावं लिहितो. डीटाइपमधली, म्हणजे घटकांचा प्रकार नोंदवणाऱ्या नम्पायच्या ढाच्यातली, 'एलसाइझ' दे, म्हणजे एक घटक किती बाइटांचा ते सांग. कंपायलर ते नाव खाऊन टाकतो आणि फक्त अंतर लक्षात ठेवतो: सुरुवातीपासून ३२ बाइट पुढे जा आणि चार बाइट उचल. नम्पाय १ मध्ये ६४ बिटच्या मशीनवर तिथे एलसाइझच होती. नम्पाय २ ने ३२व्या बाइटवर आठ बाइटांचे फ्लॅग्ज (हो-नाहीच्या खुणा) आणून बसवले, एलसाइझ ४०वर सरकवली आणि तिलाही चाराची आठ केली. सबअ‍ॅरे, फील्ड्स, नेम्स ही बिऱ्हाडं या सामाईक ढाच्यातून हलवली. एकूण शहाण्णवाचे अठ्ठ्याऐंशी झाले. आता आमचं जुनं एक्स्टेन्शन डोळे मिटून ३२व्या बाइटवर जाणार, हाताला येतील ते फ्लॅग्ज उचलणार आणि त्यालाच लांबी समजून हिशोब करणार. म्हणून आकार जुळत नाही असं ओरडून दारातच अडवणारी सायथनची ओळ ही खरं तर देवमाणूस आहे. भीती असते ती काहीच न ओरडता चुकीचं उत्तर देणाऱ्याची. सेगफॉल्टने, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घालून, आडवा होणारा प्रोग्राम त्या मानाने सज्जन म्हणायचा.

एवढ्यात दादर आलं आणि दाराशी नेहमीचा संवाद झाला. "हा दहा नंबर ना?" "जुना चार." डिसेंबर २०२३ मध्ये दादरला पश्चिम रेल्वेचे एक ते सात नंबर तसेच ठेवले आणि मध्य रेल्वेचे पुढे चालू केले. एकाचा आठ झाला, तीनचा नऊ, चारचा दहा, असं करत चौदापर्यंत. दोन नंबर त्याआधीच एक रुंद करताना त्यात विरून गेला होता. निर्णय शहाणपणाचाच. एकाच स्टेशनात दोन 'चार नंबर' असणं हा नावांचा शुद्ध गोंधळ होता. पण वीस वर्षं पाट्या न वाचता नुसत्या पायांनी गाडी पकडणारा मुंबईकर म्हणजे कंपाइल केलेला कोड असतो. पाटी वाचणारा सोर्स कोड. त्याला नंबर बदलल्याने काही फरक पडत नाही, फक्त तो दर वेळी जिन्यात मध्येच उभा राहून वाचतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो.

जुना पत्ता मोडायचाच असेल तर तो कसा मोडावा, हे जी-लिब-सीवाल्यांकडून, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी सांभाळणाऱ्यांकडून, शिकावं. ऑगस्ट २०२१ मध्ये, २.३४ आवृत्तीत, त्यांनी थ्रेडची (एकाच वेळी अनेक कामं चालवण्याची) वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन केली. पण जुन्या नावाची जवळजवळ रिकामी फाइल जागेवर ठेवली. जुना प्रोग्राम येतो, दार वाजवतो, आत कुणी राहत नाही, पण दार उघडतं आणि काम होतं.

"माया किती सोडली होतीत?" मास्तरांनी कुर्ला यायच्या आत पुन्हा धरलं.

"काय?"

"माया हो. शिवणीच्या आतला जास्तीचा कपडा. पँटच्या मागच्या शिवणीला मी दीड इंच सोडायचो. गिऱ्हाईक लग्नानंतर सुटणार हे टेलरला ठाऊक असतं. उसवायचं, सोडायचं, परत मारायचं. रेडिमेडवाले कपडा वाचवतात आणि अर्धा सेंटिमीटर ठेवतात. मग बसा बोंबलत." त्यांनी माझ्या शर्टाकडे अशा नजरेने पाहिलं की मी नकळत पोट आत घेतलं. "हा चाळीसचा आहे. तुम्ही बेचाळीस. आणि डावा खांदा उतरलाय तुमचा, बॅग कायम त्याच बाजूला लावता."

डब्याने माझ्या खांद्याकडे पाहिलं. खांदा उतरलेला होता.

माया सोडणं ही ढाचा बनवणाऱ्याची जबाबदारी, माझी नव्हे, हे मी मास्तरांना सांगायचा प्रयत्न केला. नम्पाय २ ने या वेळी ती सोडलीय. त्या अठ्ठ्याऐंशी बाइटांच्या शेवटी दोन पॉइंटरांची जागा, म्हणजे १६ बाइट, मुद्दाम रिकामी आहे. माया नसली किंवा असलेली वापरली नाही, की काय होतं याचा नमुना पोस्टग्रेस या डेटाबेसने दाखवला. १४ नोव्हेंबर २०२४ च्या किरकोळ आवृत्त्यांमध्ये एका अंतर्गत ढाच्याच्या शेपटाला एक हो-नाहीचा बाइट जोडला गेला. बाइट एकच, पण एकूण आकार आठाच्या पटीत ठेवावा लागतो, म्हणून ढाचा आठ बाइटांनी फुगला आणि टाइमस्केलसारखी जुन्या मापावर शिवलेली एक्स्टेन्शनं अडचणीत आली. बरोबर एका आठवड्याने, २१ तारखेला, नव्या आवृत्त्या काढून तो बाइट आधीच मोकळ्या असलेल्या फटीत सरकवला आणि माप पूर्ववत केलं. उसवलं आणि पुन्हा शिवलं, तेही उघडपणे आणि चूक कबूल करून. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते फक्त "मग?" म्हणाले. या 'मग'मध्ये पस्तीस वर्षं होती.

पत्तेवाल्यांपैकी इस्पिकची राणी धरलेल्या गृहस्थांना आता राहवेना. "मास्तर, लेबल बदलून टाकायचं ना. बेचाळीस लिहायचं."

हसू नका, हे लोक खरोखर करतात. कंपाइल केलेल्या पॅकेजच्या नावात अख्खा पत्ता असतो: सीपी३११, सीपी३११, मेनीलिनक्स_२_२८, एक्स८६_६४. म्हणजे पायथन ३.११साठी, त्याच पायथनच्या एबीआयला (कंपाइल केलेल्या तुकड्यांनी एकमेकांशी जुळायच्या मापांना), जी-लिब-सी २.२८ किंवा त्यापुढच्या लिनक्सवर, इंटेल जातीच्या प्रोसेसरवर. एका उत्साही माणसाने ३११च्या जागी ३१२ लिहून फाइल पाठवल्याचं मी पाहिलंय. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, बिचारा पाटीवर विश्वास ठेवतो, बसवून टाकतो. आतल्या डॉट एसओ फाइलच्या, म्हणजे कंपाइल केलेल्या खऱ्या कोडच्या, नावात मात्र ३११ तसंच राहतं, त्यामुळे पायथन ३.१२ला ती दिसतच नाही आणि 'असं मॉड्यूलच नाही' असं उत्तर मिळतं. तिचंही नाव बदललं तर ती दिसते, आणि मग खरं संकट सुरू होतं.

एकच फाइल सगळ्या पायथनना हवी असेल तर त्याला रीतसर रस्ता आहे. कंपाइल करण्याआधी पीवाय_लिमिटेड_एपीआय हे मॅक्रो सर्वांत जुन्या आवृत्तीवर बांधायचं, ३.९ हवं असेल तर ०एक्स०३०९००००. मग ढाच्यांच्या आत हात घालता येत नाही, फक्त ठरलेल्या फंक्शनांच्या दारातून मागायचं, आणि पाटीवर एबीआय३ लागतं. पायथन ३.२पासून ही सोय आहे. ती न वापरता दर ऑक्टोबरला नवं पायथन आलं की पाच आवृत्त्या गुणिले पाच प्लॅटफॉर्म असे पंचवीस डबे भरणारे आमच्यासारखे अजून आहेतच.

घाटकोपर मागे पडल्यावर मास्तरांनी शेवटचा घाव घातला. "ट्रायल कुणाच्या अंगावर घेता? गिऱ्हाइकाच्या की स्वतःच्या?"

मी गप्प. कारण त्यांचं बोलणं चालू असतानाच मी लॅपटॉपवर एक्स्टेन्शन नव्याने कंपाइल करून सर्व्हरवर टाकलं होतं आणि सर्व्हर म्हणत होता, जीलिबसी_२.२९ नॉट फाउंड. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, जी-लिब-सी २.३५. सर्व्हरवर २.२८. पॉव, लॉग, एक्स्प अशा काही गणिती फंक्शनांची नवी रूपं २.२९ मध्ये आली. नव्या मशीनवर कंपाइल करा, तुम्ही न मागता तीच चिकटतात. एका पॉइंटाने हुकलं. लोकलचं दार समोर सरकत निघून जावं तसं. शर्ट मी स्वतःच्या अंगावर घालून पाहिला होता आणि गिऱ्हाइकाला पाठवला होता.

तर ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी लॅपटॉपवर शिवूच नये. मेनीलिनक्स_२_२८ चा कंटेनर, म्हणजे तयार बंदिस्त लिनक्स, घ्यावा, त्यात अल्मालिनक्स ८ असतं आणि जी-लिब-सी २.२८. सर्व्हर त्याहून जुना, २.१७वाला असेल तर मेनीलिनक्स२०१४. पायप्रोजेक्ट फाइलीतल्या बांधणीच्या यादीत नम्पाय २ किंवा पुढचं लिहावं. पिप बांधणी वेगळ्या खोलीत करतो, मशीनवर बसवलेलं नम्पाय तिथे दिसत नाही, यादीतलंच येतं. नम्पाय २ च्या हेडरवर (मापं लिहिलेल्या फाइलवर) शिवलेलं नम्पाय १ च्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालतं, उलटं चालत नाही. सी कोडमध्ये थेट एलसाइझला हात घातला असेल तर पीवायडेटाटाइप_एलसाइझ हे मॅक्रो वापरावं, ते चालू असताना विचारून योग्य जागी जातं. झालं की कंपाइल केलेल्या फाइलीच्या आत डोकावणाऱ्या ऑब्जडम्पला मोठा टी देऊन जीलिबसी गाळून पाहावं, सर्वांत मोठा आकडा कोणता येतो तो. मग पॅकेजची पाटी तपासणारं ऑडिटव्हील शो, आणि ते खूश असेल तर ऑडिटव्हील रिपेअर, जे बाहेरच्या लायब्ऱ्या पॅकेजच्या पोटात भरून पाटी योग्य लावतं. शेवटी ट्रायल दोनदा, एकदा नम्पाय १.२६वर, एकदा २वर. आणि नुसतं इम्पोर्ट करून थांबू नये, एक खरा हिशोब चालवावा.

यातला ताप असा की नियम एकमेकांना छेद देतात. नम्पायसाठी पूर्वी सांगायचे की सर्वांत जुन्यावर शिवा, आता सांगतात नव्यावर शिवा. जी-लिब-सीसाठी मात्र जुन्यावरच. म्हणजे नवं माप आणि जुनी मशीन. हे कुणालाही तोंडी समजावून सांगताना मी वेडा वाटतो.

ठाण्याला मास्तर उतरले. उतरताना "पुढच्या वेळी माया" एवढंच म्हणाले. पत्तेवाल्यांनी त्यांना मान लववली. माझ्या खांद्यावर कुणीतरी सहानुभूतीने थोपटलं, डाव्या.

रात्री साडेअकराला सर्व्हर चालू झाला. सोमवारी बिल पाठवलं, मंगळवारी परत आलं. ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, 'प्रोग्राममधील बदललेल्या ओळी'. मी प्रामाणिकपणे शून्य लिहिलं होतं. बांधणीच्या यादीतला एक आकडा बदलला होता, पण तो त्यांच्या लेखी प्रोग्राम नव्हे. शेरा होता: 'काम दिसत नाही.' फोन केला तर बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आधी चालत होतं, आता चालतंय. मध्ये तुम्ही काय केलंत ते लिहा ना." आधी चालत होतं ते आताही चालतंय, हेच काम होतं. त्याला रकाना नाही. नवं बटण लावलं असतं, रंग निळ्याचा हिरवा केला असता, तर त्याच दिवशी मंजूर झालं असतं.

काल मी मुख्य फाइलीच्या अगदी वर एक शेऱ्याची ओळ टाकली. तिच्यात फक्त 'माया' एवढंच लिहिलंय. बिल पुन्हा पाठवलं. बदललेल्या ओळी: १.