मतपत्रिकेची मागची बाजूही वाचा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्या महाराष्ट्र मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनोन्‌महिने एकच वाद रंगतो, डेमोक्रॅट की रिपब्लिकन. तळमळ खरी असते. पण एकेका मताला जिथे खरं वजन आहे तिथे आपण फिरकतही नाही, हे मला मनापासून खटकतं.

हिशेब बघा. राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी म्हणजे इलेक्टर. एकूण 538 इलेक्टर, जिंकायला 270. मेन आणि नेब्रास्का सोडली, तर राज्यात जो पुढे त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर मिळतात. कॅलिफोर्नियाचे 54 आणि न्यू जर्सीचे 14 इलेक्टर 1992 पासून दर वेळी डेमोक्रॅटांकडे गेले आहेत, टेक्सासचे (आता 40) 1980 पासून रिपब्लिकनांकडे. आपली कितीतरी घरं याच तीन राज्यांत आहेत. तिथे राष्ट्राध्यक्षासाठी मत जरूर द्या, पण निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो.

उलट मिशिगनचा 13वा मतदारसंघ घ्या. तिथले खासदार श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे. 2022 च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, नऊ उमेदवार होते आणि ते सुमारे 28 टक्के मतांवर जिंकले. डेट्रॉइटचा हा भाग डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीचा निकाल तेव्हाच लागल्यासारखा होता. असे एकतर्फी मतदारसंघ दोन्ही पक्षांचे आहेत. तिथे प्रायमरी चुकवली की निवड हातातून गेली.

प्रायमरीत लोक अडकतात ते नोंदणीपाशी. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा इथे पक्षाची प्रायमरी त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच खुली असते. ‘कुठलाच पक्ष नाही’ असं लिहून आपण तटस्थ राहतो आणि त्या दिवशी घरी बसतो. न्यूयॉर्कमध्ये तर जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत 14 फेब्रुवारीलाच संपते. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नाही, पण मतदार म्हणून नाव 30 दिवस आधी लागावं लागतं.

त्याहून खाली उतरा. व्हर्जिनियात 2017 साली विधानसभेच्या 94व्या मतदारसंघात फेरमोजणीनंतर दोन्ही उमेदवारांना 11,608 मतं पडली. चिनीमातीच्या भांड्यातून चिठ्ठी काढून निकाल लावला आणि सभागृहाचं बहुमत त्या एका जागेवर ठरलं. एखादं घर मतदानाला आलं असतं तरी चित्र बदललं असतं! व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत राज्याच्या निवडणुका विषम वर्षी होतात, म्हणून त्या लक्षातच राहत नाहीत.

मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला शाळा मंडळ, शेरीफ (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पोलीस प्रमुख), न्यायाधीश, बाँड (सार्वजनिक कामांसाठी काढायचं कर्ज) असतात. कॅलिफोर्नियात शाळांच्या बाँडला साधारणपणे 55 टक्के मतं पुरतात आणि मंजूर झाला की त्याची परतफेड घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून वर्षानुवर्षं चालते. मुलांच्या शाळेवर तासन्‌तास बोलणारे आपण ही ओळ कोरी सोडतो. सॅम्पल बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा नमुना, आधी येतं, तेव्हाच ते घरात बसून वाचावं.

पोस्टाने मत देताना सहीवर लक्ष द्या. कॅलिफोर्नियात पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. नागरिक झालेल्या आईवडिलांचा हात थरथरतो, लग्नानंतर कुणी सही बदलते, आणि मत अडकतं. काउंटीचं पत्र आलं तर लगेच सही करून परत पाठवा, मत वाचतं. पेनसिल्व्हेनियात आतलं गोपनीयतेचं पाकीट वगळलं तर ती मतपत्रिका मोजत नाहीत.

आणि जे अजून नागरिक नाहीत, ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी व्हिसा आहे, त्यांना कळकळीने सांगते. लायसन्सच्या कार्यालयात अर्ज भरताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे घाईत ‘हो’ करू नका. नागरिकत्वाच्या एन-400 अर्जात कधी नाव नोंदवलं होतं का, मत दिलं होतं का, हे थेट विचारतात. नागरिक असल्याचा खोटा दावा हे देशाबाहेर काढण्याचं कारण होऊ शकतं. देणगीचा नियम वेगळा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना उमेदवाराला स्वतःच्या पैशातून देणगी देता येते, एच-वन-बीवाल्यांना येत नाही. चुकून नाव लागलंच असेल तर एन-400 भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा.