वास जाईल म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर आज एक व्हिडिओ फिरतोय: मुंबईचा पूर्व किनारा, म्हणजे बंदराची बाजू, नव्याने कशी सजवणार त्याचा. काचेच्या इमारती, सायकलवरची पोरं, पांढऱ्याशुभ्र बोटी. काम करणारा एकही माणूस त्यात दिसत नाही. खाली एकाने लिहिलंय, "चला, भाऊच्या धक्क्याचा वास तरी जाईल." त्याला अकरा अंगठे! सकाळपासून डोकं फिरलंय.

आप्पा मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीत क्रेनवर होते. मी आठ-नऊ वर्षांची असेन, सुट्टीच्या पहाटे मला त्याच मासळीच्या धक्क्यावर घेऊन गेले. ओल्या फरशीवर चप्पल सटकली. एका कोळीण मावशीने लिलाव न थांबवता मला दंडाला धरून उचललं, उपड्या पाटीवर बसवलं आणि गुडघ्याला लावायला बर्फाचा खडा दिला. मागे बोटीवरून करंदीच्या पाट्या हातोहात वर येत होत्या.

मान्य, १९८९ ला खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि माल हळूहळू तिकडे गेला. रिकामी गोदामं आहेत, तिथे बागा करा, मी पहिली येईन. पण कुलाब्याचं मासळीचं ससून डॉक १८७५ पासून चालू आहे, आजही पहाटे तिथे पाय ठेवायला जागा नसते. ती जागा रिकामी कशी?

हे कसं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. शेजारी टॉवर येतो. बाल्कनीवाला वासाची तक्रार करतो, मग पहाटे तीनच्या टेम्पोची, मग बर्फाच्या कारखान्याची. लिलाव हलतो, बोटी हलतात. गिरण्यांच्या जमिनीचंही तसंच. शहराला, घरांना आणि मालकाला असे तीन वाटे ठरले होते ना? २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची उरली. लालबागच्या किती गिरणी कामगारांना घर मिळालं, विचारा!

प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदी १९४४ च्या स्फोटात उद्ध्वस्त झाल्या, कामगारांनी पुन्हा उभ्या केल्या. कंटेनर टर्मिनलसाठी त्या बुजवल्या, तेव्हा आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्या मावशीचं नावही मला माहीत नाही. बर्फ घरी येईपर्यंत मुठीत धरला होता, फ्रॉक ओला झाला म्हणून आई ओरडली. आप्पा नुसते हसत होते.

असो. रविवारी लेकीला घेऊन धक्क्यावर जातेय. पहाटे साडेचारला निघू. अंगठेवाल्यांपैकी कुणाला यायचं असेल तर सांगा. पिशवी आणा, चप्पल नीट घाला.