जानकी अम्माळ आणि ‘परत या’चा आग्रह

परदेशी गेलेल्या संशोधकांनी मायदेशी परतावे की नाही, हा वाद आपल्याकडे वरचेवर रंगतो, आणि परतणारा देशभक्त, राहणारा स्वार्थी असाच त्याचा निकाल लागतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, कारण वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांच्या, अभ्यासक जानकी अम्माळ यांचे आयुष्य त्यात बसतच नाही.

१८९७ साली केरळमधल्या तेल्लिचेरीत जन्मलेल्या जानकी अम्माळ यांनी १९३१ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि त्या परतल्याही. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात त्यांनी उसाचा थेट मक्याशी संकर घडवला. भारतीय ऊस त्यांनीच गोड केला, असे हल्ली सांगितले जाते ते मात्र खरे नाही. त्याच केंद्रातल्या बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांचे संकरित वाण त्याआधीच शेतांत पोहोचले होते, आणि जानकी अम्माळ यांना उसन्या श्रेयाची गरजही नाही.

त्यांच्या कामाला खरा बहर आला तो त्या पुढे इंग्लंडला गेल्यावर. लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रसंख्यांचा ब्रिटिश शास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्यासह केलेला कोश १९४५ मध्ये निघाला. त्यानंतर विस्ले इथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत त्या मॅग्नोलिया या फुलझाडाच्या रोपांवर कोल्चिसिनचा प्रयोग करीत. या द्रव्यामुळे गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही, आणि अशा झाडाची पाने मोठी व पाकळ्या जाड होतात. त्यांच्या नावाचा पांढरा मॅग्नोलिया आजही फुलतो. या वर्षांना देशापासून दुरावलेली वर्षे म्हणायला माझे मन धजत नाही, कारण तो कोश भारतातल्या संशोधकांच्याही कामाचा होता.

१९५१ मध्ये नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेची नव्याने घडी बसवायला परतल्या. पुढे अलाहाबाद, जम्मू, ट्रॉम्बे, मद्रास असे त्यांचे कामाचे ठिकाण बदलत गेले. पण ‘परत या’ म्हणणाऱ्यांनी मुद्दाम पाहावा तो त्यांचा उत्तरकाळ. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या या बाई केरळमधल्या सायलेंट व्हॅलीचे जंगल बुडवणाऱ्या सरकारी जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध ठाम उभ्या राहिल्या आणि तिथल्या वृक्षांची गुणसूत्रे तपासण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी ते जंगल राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. परतलेल्या शास्त्रज्ञाने सरकारलाच असा विरोध केलेला आपल्याला चालणार आहे का, याची चर्चा घरच्या वादात मी अजून ऐकलेली नाही.